व्यक्तिसूची

रंगो अनंत इटगीकरांच्या डायऱ्या
खानापूरच्या वाचनालयात निघाल्या,
माळ्यावर, कौलांच्या खोक्यात. सात.
आठवी उंदरांनी वाचली.

मला तळटिपांचं काम दिलं:
ह्या पानांत कोण कोण येतं ते शोधायचं,
नाव, गाव, जन्म-मृत्यू, लेखकाशी संबंध.
मानधन ठरलं नाही. चहा ठरला.

मोडीत शब्द सुटे नसतात.
ओळ एका दमात कागदाच्या कडेला जाऊन टेकते
आणि माणूस कुठं संपला, क्रियापद कुठं सुरू झालं
ते भिंग धरूनही कळत नाही.
'दस्तगीरगेला'
परगावी, की कायमचा?
चार पानांनी तो लाकडाचे पैसे मागायला येतो, तणतणत,
आणि मी खुर्चीत मागे टेकून हसतो,
घेणेकरी जिवंत आहे म्हणून.

बाळकोबा सोमवारी येतात, पान खाऊन जातात.
बाळाप्पा म्हणतो, लिंब तोडू नका.
बाळू कंदील धरतो लोंढ्याच्या गाडीपर्यंत.
तिघांची घरं शोधण्यात माझा उन्हाळा गेला.
शेवटी नंदगडच्या बाजारात एका कौलवाल्यानं
आजाची वही पुढं सरकवली, कन्नडातली:
"एकच की हो तो.
मराठी बोलताना कोबा, कन्नडात अप्पा,
आणि उधारी थकली की नुसता बाळू."
सूचीत तीन,
मातीत एक.

पास्कू मेस्त्री चर्चच्या रजिस्टरात मिळाला,
बायको, पाच मुलं आणि ओल चढलेला कोपरा ह्यांसकट.
शेवंता तीनदा येते,
तिन्ही वेळा 'भाकरी' ह्या शब्दाच्या आधी.
मराठीत विचारलं: माहीत नाही.
कन्नडात विचारलं: गोत्तिल्ल.
एका म्हातारीनं मलाच विचारलं,
"भाकरी देणाऱ्या बाईचं आडनाव कुणी लिहून ठेवतं होय रे?"

राहता राहिली म.

'म. आज शांत.'
'म.कडे बसलो, दिवे लागेपर्यंत.'
'म. फार सुकली. बघवेना.'
'म.ची ओटी भरली. घरी बोललो नाही.'

समितीत हे वाचलं तेव्हा
खजिनदार चष्मा पुसू लागले.
निवृत्त हेडमास्तर म्हणाले, गाळा.
नातवंडं आहेत त्यांची, बेळगावात, नावाजलेली.

मग जुलैतली एक नोंद लागली:
'रात्री म. दाराशी. तिसऱ्या पायरीवर पाणी.'
मी तसाच उठून घाटावर गेलो.
मलप्रभा. अर्थातच.
बायका खण-नारळ सोडत होत्या, हिरव्या बांगड्याही.
कपडे वाळत घातलेले, एक म्हैस निवांत,
आणि मला एवढं हलकं वाटलं
की घाटावरच्या अनोळखी माणसाला मी बिडी दिली.

पण सहाव्या वहीत, फिक्या शाईत:
'म. म्हणाली, आता येत जाऊ नका.'

नदी बोलते, लेखकांशी तर बोलतेच,
असं हेडमास्तर म्हणाले, घाईनं.
मी मान हलवली.
'आता' ह्या शब्दापाशी टाक अडखळला होता.
तिथं शाईचा ठिपका आहे, हरभऱ्याएवढा.
त्यानंतर ते घाटाकडे गेल्याची नोंद नाही.
किंवा ती आठव्या वहीत होती.

आज छापखान्यातून फोन.
"सर, म.च्या पुढं काय टाकू?"
जागा सोडा, म्हटलं. दोन ओळींची.
"रिकामं दिसेल की ओ."
दिसू दे.
"आणि पान नंबर?"
ते सगळे घाला.
एकशे बारा आहेत.